गाडीवर पुन्हा बसताना

नेदरलँड्समधल्या आसनच्या ट्रॅकवर २८ जून २०१९ रोजी, सरावाच्या पहिल्याच सत्रात, स्पेनचा होर्हे लोरेन्झो मोटरसायकलवरून फेकला गेला आणि खडीत गडगडत गेला. पाच वेळा जगज्जेता ठरलेला हा खेळाडू. पडणं त्याला नवीन नव्हतं. या वेळी मात्र छातीच्या मागचे सहावा आणि आठवा असे दोन मणके मोडले. चार शर्यती हुकल्या. ऑगस्टअखेर तो सिल्व्हरस्टोनला परतला, चौदावा आला आणि उरलेला मोसमही बराच मागे राहिला. १४ नोव्हेंबरला, वयाच्या ३२व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. खडीत लोळत असतानाच 'हे सगळं खरंच हवंय का' असा विचार मनात येऊन गेल्याचं त्याने मोकळेपणाने सांगितलं. होंडाची ती मोटरसायकल त्याला अपघाताआधीपासूनच मानवत नव्हती, हेही खरं. पण मणके जुळून आले तरी आधीचा लोरेन्झो परत आला नाही.

आपल्याकडे हा अनुभव ट्रॅकवर येत नाही. तो येतो सोसायटीच्या पार्किंगमध्ये. बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका शेजारणीची स्कूटर पावसाळ्यात घसरली आणि कमरेचा पहिला मणका दबला. ऑपरेशन लागलं नाही. पट्टा लावून विश्रांती, मग व्यायाम, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "छान जुळलंय, आता सगळं करा." त्या रोज सकाळी हेल्मेट घेऊन खाली यायच्या, स्कूटरवर बसायच्या, किल्ली फिरवायच्या आणि मग उतरून रिक्षा बघायच्या. 'सगळं करा' यात गाडी येते का, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

हाड जुळणं आणि हँडल धरण्याची हिंमत परत येणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्याला तारीख मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून दुसरं आपोआप होईल असं घरातले सगळे धरून चालतात. ते आपोआप होत नाही. त्यालाही व्यायामासारखाच क्रम लागतो.

आधी पाठीचं पाहू. पडताना नितंबांवर आदळलं की धक्का मणक्यांतून सरळ वर जातो आणि बहुतेक वेळा छातीचा भाग संपून कंबर सुरू होते त्या सांध्यापाशी, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका इथे, मणका दबतो. वरचा भाग बरगड्यांच्या पिंजऱ्याने घट्ट धरलेला असतो, खालचा मोकळा असतो, आणि ताण या दोघांच्या सीमेवर साठतो. मज्जारज्जूला इजा नसेल आणि मणका स्थिर असेल तर असं हाड साधारण आठ ते बारा आठवड्यांत जुळतं. गादी सरकण्याची गोष्ट वेगळी. मणक्यांमधल्या गादीचा तुकडा बाहेर येऊन नसेवर दाबला की पाय दुखतो, मुंग्या येतात. पण बाहेर आलेला हा तुकडा शरीराच्या संरक्षक पेशी पुष्कळदा हळूहळू खाऊन टाकतात. 'गादी सरकली म्हणजे आयुष्यभराचं झालं' असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की माणूस आणखी खचतो. 'बल्ज', 'डिजनरेशन' हे शब्द वाचून आपली पाठ काचेची झाली असं वाटायला लागतं. १९९४ साली अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढून तपासले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. म्हणजे चित्रातली खूण आणि अंगातलं दुखणं यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही.

पाठ दुखली की झोपून राहायचं, ही समजूतही घरोघरी आहे. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो यांच्या चमूने साध्या कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितलं. सात दिवसवाल्यांना जास्तीचा गुण काही आला नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला. त्यात झेपेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक सर्वांत लवकर सावरले. मोडलेल्या हाडाला हा हिशोब तसाच्या तसा लागू नाही, तिथे डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पाळायलाच हवी. पण मुदत संपल्यावरही जपत राहणं, वाकायचं टाळणं, गाडी टाळणं, यातून पाठ अधिक अशक्त होते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली या चक्राची नीट मांडणी केली: दुखण्याची भीती, भीतीमुळे टाळाटाळ, टाळाटाळीमुळे अशक्तपणा, अशक्तपणामुळे पुन्हा दुखणं.

हे चक्र दुचाकीवर कसं फिरतं ते पाहायचं असेल तर स्पीडब्रेकरकडे जाणाऱ्या घाबरलेल्या माणसाकडे पाहा. ब्रेकर दिसला की खांदे कानांकडे चढतात, श्वास अडकतो, कोपरं ताठ होतात आणि दोन्ही ब्रेक आवळले जातात. ब्रेक आवळला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि पुढचे शॉकअप आधीच दबून बसतात. त्याच अवस्थेत चाक उंचवट्यावर चढतं. दबलेल्या शॉकअपला आणखी दबायला जागा उरलेली नसते, म्हणून धक्का गाडीत जिरत नाही आणि हातांतून, सीटमधून थेट वर येतो. वर पाठ कशी असते? सगळे स्नायू आवळलेली. आवळलेल्या स्नायूंनी मणक्यांवरचा दाब मुळातच वाढवून ठेवलेला असतो. मग कळ येते आणि माणूस म्हणतो, 'बघा, माझी पाठ अजून तयार नाही.' धक्का रस्त्याचा होता, पण त्याची धार भीतीने वाढवलेली होती.

उपाय अवघड नाही. ब्रेक उंचवट्याच्या आधी मारायचा आणि चाक चढायच्या क्षणी सोडायचा. कोपरं किंचित वाकलेली ठेवायची आणि श्वास बाहेर सोडत ओलांडायचं. मोटरसायकलवर फूटरेस्ट शरीराच्या जवळजवळ खाली असतात, त्यामुळे गुडघ्यांवर जोर देऊन सीटवरून बोटभर उठता येतं आणि धक्का मांड्या झेलतात. स्कूटरवर पाय पुढे फळीवर असतात, तिथे असं उठता येत नाही. शिवाय चाकं लहान असल्याने खड्ड्यात ती खोल उतरतात. पाठीच्या दुखण्यानंतर 'स्कूटर हलकी, तीच बरी' हा सल्ला सरसकट देतात, पण खराब रस्त्यावर सरळ बसायची साधी मोटरसायकल पाठीला बरी पडू शकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटरने सुखाने ओलांडता येतो. गल्लीबोळात हौसेने घातलेले अरुंद, उभे कट्टे या मापात बसत नाहीत. तिथे वेग अगदी कमी करणं हाच मार्ग आहे, आणि असा ब्रेकर दिसला तर वॉर्ड ऑफिसला अर्ज करणं हे नागरिकाचं काम आहे.

आता गाडी हातात घ्यायच्या आधीची तपासणी. घरातल्या घरात दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. कमरेच्या पाचव्या नसेला इजा असेल तर पाऊल वर उचलायला जड जातं, टाचांवर चालता येत नाही. मोटरसायकलचा गिअर डाव्या पायाने वर उचलताना हेच काम लागतं. तिच्या खालची नस अशक्त असेल तर चवड्यांवर उभं राहता येत नाही, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबायला हीच ताकद हवी असते. यांतलं काही जमत नसेल तर ते धैर्याने भरून निघणारं नाही. आधी डॉक्टरांकडे जा. लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं.

दुसरी तपासणी गोळ्यांची. ती बहुतेक जण विसरतात. नसेच्या दुखण्यासाठी आपल्याकडे प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन सर्रास दिलं जातं, दुखणं जास्त असेल तर ट्रामाडॉल, आणि स्नायू सैल व्हावेत म्हणून टिझानिडिनसारख्या गोळ्या. या सगळ्यांनी झोप येते, चक्कर येते, प्रतिसाद मंदावतो. 'गाडीवर बसलं की डोकं हलकं होतं, भीती वाटते' म्हणणाऱ्या काही जणांची भीती खरी गोळीच्या पाकिटात असते. डोस चालू आहे, वाढतोय किंवा कमी होतोय, तोवर गाडी नको. आणि गाडी चालवायची म्हणून गोळी मनाने बंद करणं तर मुळीच नको.

तिसरी गोष्ट मेन स्टँडची. शंभर किलोच्या वरची स्कूटर पाठीने ओढून स्टँडवर चढवणं ही बऱ्या झालेल्या कमरेची सर्वांत वाईट परीक्षा आहे, आणि ती रोज दोनदा घेतली जाते. योग्य रीत अशी: गाडी सपाट जागी, डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कॅरिअरला. उजव्या पायाने स्टँडचा खिळा दाबून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि मग पाठ सरळ ठेवून शरीराचं सगळं वजन त्या पायावर टाकायचं. गाडी मागे सरकून स्वतःच चढते. हात फक्त तोल धरतात. सुरुवातीचे काही महिने साइड स्टँडवर भागवलं तरी काही बिघडत नाही. जुन्या गाडीला किक मारायची वेळ मात्र दुसऱ्यावर सोपवा.

एवढं झालं की भीतीचं काम सुरू होतं. भीती समजुतीने जात नाही. 'काही होत नाही गं' असं शंभर वेळा ऐकून कुणी गाडीवर बसलेलं मी पाहिलं नाही. भीती जाते ती 'वाटलं होतं तसं झालं नाही' हा अनुभव स्वतःच्या अंगाने घेतल्यावर. कागदावर दहा-बारा प्रसंग लिहा: बंद गाडीवर मेन स्टँडवर बसणं, इंजिन चालू करून बसणं, गाडी ढकलत पार्किंगभर नेणं, मोकळ्या मैदानात सरळ जाऊन थांबणं, आठच्या आकड्यात वळणं, रविवारी सकाळची गल्ली, पहिला स्पीडब्रेकर, सिग्नलला थांबणं, ऑफिसच्या वेळेचा रस्ता, ओला रस्ता, मागे कुणाला घेऊन जाणं, आणि जिथे पडलो ती जागा. प्रत्येकासमोर शून्य ते दहा असे भीतीचे गुण द्या आणि तीन-चार गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करा. करण्यापूर्वी एक ओळ लिहा: 'ब्रेकरवर कळ येईल आणि दोन दिवस झोपावं लागेल.' केल्यावर काय झालं तेही लिहा. दोन ओळींमधलं अंतर स्वतःच्या अक्षरात दिसायला लागलं की पुढची पायरी सोपी होते. व्लायेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठदुखीच्या रुग्णांना त्यांनी टाळलेल्या हालचाली याच क्रमाने करायला लावल्या.

पायरी चढताना थोडं दुखलं तर? मी फिजिओथेरपीतला नेहमीचा निकष मानतो. दुखणं सहन होण्याजोगं असेल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत नेहमीच्या पातळीवर येत असेल तर तीच पायरी पुन्हा करा. चोवीस तासांनंतरही चढलेलंच असेल तर एक पायरी खाली या. दुखणं पायात खाली उतरायला लागलं, बधिरपणा आला, तर थांबा आणि दाखवा. न वापरलेले स्नायू पुन्हा कामाला लागले की ठणकतातच. तो ठणका म्हणजे नवी इजा असं धरू नका.

मैदानात एक चूक जवळजवळ सगळेच करतात. भीतीमुळे गाडी इतकी हळू चालवतात की पाय दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. दुचाकी सर्वांत डळमळीत असते ती याच वेगाला. ताशी पंधरा-वीस किलोमीटरला ती बरीचशी स्वतःच सावरते. पाय वर घ्या आणि नजर लांब ठेवा. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, कारण हात डोळ्यांच्या मागे जातात. ब्रेकचा सराव वेगळा करा: कोरड्या सपाट जागी वीसच्या वेगातून दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत गाडी थांबवायची. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना किमान जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं. गाडी त्याआधीची असेल तर हा सराव जास्तच हवा. 'अचानक कुणी आडवं आलं तर' ही भीती थांबता येतं हे हाताला पक्कं कळल्याशिवाय जात नाही.

मध्ये आठवडाभर गावाला गेलात आणि परत आल्यावर हात पुन्हा थरथरला, तर सगळं वाया गेलं असं समजू नका. पावलोव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतच पाहिलं होतं की विझवलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा डोकं वर काढते. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो आणि तो रोजच्या वापराने बळकट होतो. म्हणूनच सराव एकाच मैदानात करून भागत नाही. वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, संध्याकाळी, पावसात, असा तो पसरवावा लागतो. पडलेल्या जागी आधी पायी जाऊन या. रस्त्यावर काय होतं, चेंबरचं झाकण, वाळू, ऑइल, हे शांतपणे पाहा. कारण सापडलं की भीतीला नेमका आकार येतो, आणि नेमक्या गोष्टीची काळजी घेता येते.

घरच्यांचा एक सल्ला मला ठामपणे खोडून काढावासा वाटतो: "तू चालवू नकोस, मागे बस." आमच्या शेजारणीला त्यांच्या यजमानांनी मोठ्या प्रेमाने हेच सांगितलं. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ वर असते, म्हणून धक्का जास्त बसतो. पुढचं दिसत नसल्याने तो अचानक बसतो. एका बाजूला पाय करून बसलं तर कंबरेला पीळही पडतो. ब्रेकही दुसऱ्याच्या हातात. बऱ्या होणाऱ्या पाठीला आणि मनाला यापेक्षा स्वतः चालवणं सोपं जातं. त्या बाईंनी पुन्हा सुरुवात केली ती यजमानांना मागे न बसवता मैदानाच्या कडेला उभं करून, आणि ते बरोबरच होतं.

साधनांबद्दल थोडक्यात. हाड जुळण्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पट्टा ठरलेल्या मुदतीपुरता वापरावा. साध्या कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०१६ सालची मार्गदर्शिका सांगते. जॅकेटमधलं पाठीचं कवच युरोपीय प्रमाणाचं, शक्यतो लेव्हल-२चं घ्या. ते पाठीवर बसणारा थेट फटका अडवतं, आदळून मणका दबणं मात्र रोखू शकत नाही. टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या आकड्याइतकीच ठेवा. मागचे शॉकअप दोन माणसांसाठी कडक करून ठेवले असतील तर मेकॅनिककडून एक-दोन खाचा सैल करून घ्या.

काहींच्या बाबतीत भीती एवढ्यावर थांबत नाही. अपघाताची दृश्यं डोळ्यांपुढे येत राहतात, झोपेतून दचकून जाग येते, रस्त्यावरून चालतानाही हॉर्नने अंग कापतं. महिना उलटूनही हे कमी होत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. यावर गुणकारी उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि सगळं करून पाहिल्यावर कुणाला दुचाकी नकोच वाटली तर तो निर्णय तितकाच मानाचा. बस आहे, मेट्रो आहे, चारचाकी आहे. फक्त तो निर्णय विचार करून घेतलेला असावा. रोज सकाळी उद्यावर ढकलत आपसूक झालेला नसावा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा एक्स-रेबरोबर गोळ्यांची यादी न्या, टाचांवर आणि चवड्यांवर चालून दाखवा आणि स्पष्ट विचारा: कोणती गाडी, कधीपासून, किती अंतर, मागे कुणाला घेऊ का. आणि फिजिओथेरपिस्टांना विनंती, की व्यायामाच्या कागदावर शेवटच्या व्यायामाखाली गाडीच्या पायऱ्याही लिहून द्या. आपल्या शहरांत बहुतेकांचं कामावर परतणं त्या पायऱ्यांवरूनच होतं.